जीएसच्या फोनमधली यादी

स्नेहसंमेलन आटोपलं की पंधरवड्याच्या आत कुणीतरी विचारतंच, "मंडपाला एवढे कसे लागले बे?" जीएस, म्हणजे महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचा सचिव, मग पावत्यांची पिशवी काढतो, सर लोक मध्ये पडतात, काही आकडे जुळतात, काही जुळवले जातात. हिशेब कच्चा असतो, पण तो मागितला जातो आणि द्यावाही लागतो. सोलापुरातली पोरं ही सवय महाविद्यालयात येऊन शिकत नाहीत, गल्लीतूनच घेऊन येतात. गणपती असो, शिवजयंती असो की आंबेडकर जयंती, वर्गणी घेतलेल्या मंडळाने जमाखर्च दाखवायचा असतो हे सोळा वर्षांच्या कार्यकर्त्यालाही ठाऊक असतं.

त्याच संमेलनासाठी जीएसने आणखीही काही गोळा केलेलं असतं. नावं, मोबाईल नंबर, घरचे पत्ते, आधार कार्डाचे फोटो, रक्तगट, टी-शर्टचं माप. शिष्यवृत्तीच्या दिवसांत वर्गप्रतिनिधीकडे, म्हणजे सीआरकडे, याहून नाजूक कागद जमतात. त्या यादीचं पुढे काय झालं, ती आज कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही. ज्याने यादी केली त्याने तिचा हिशेब द्यावा, नावानिशी, भर सभेत, पद सोडण्याआधी. आणि ज्याला तो देता येत नाही त्याला पदावर ठेवू नये, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. ऐकायला किरकोळ वाटेल. पण सोलापूरच्या एखाद्या महाविद्यालयात हे खरंच करायचं ठरवलं तर केवढी खळबळ उडेल याची कल्पना शिक्षकांना आहे, आणि म्हणूनच कुणी तो विषय काढत नाही.

आधी या याद्या कशा बनतात ते पाहू, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं विद्यार्थ्यांची माहिती कार्यालयातल्या कपाटात असते. तशी ती असतेही. पण महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, अर्ज भरायची वेळ आली की कार्यालयातला एकटा कारकून हात टेकतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती वेगळी, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता वेगळा, स्वाधार वेगळी. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते, तिचं पोर्टल आणखी वेगळं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, तिचेही कागद आले. सोलापूरसारख्या गावात, जिथे वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळायला अशी घरं पूर्व भागात आणि विडी घरकुलात गल्लोगल्ली आहेत, तिथे हे अर्ज म्हणजे वर्षाची फी असते. म्हणून कारकून म्हणतो, "तुमच्या सीआरकडे द्या, तो सगळ्यांचे एकदम आणून देईल." पोरं सीआरच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकून मोकळी होतात.

पुढे याहून वाईट होतं. अर्जात त्रुटी निघते, पुन्हा लॉगिन करावं लागतं, मुलीकडे इंटरनेट नसतं किंवा ती अक्कलकोटच्या एसटीत बसलेली असते. मग युजर आयडी आणि पासवर्डही सीआरला पाठवले जातात आणि ओटीपी फोनवर वाचून दाखवला जातो. दिवाळीपर्यंत त्या पोराच्या फोनमध्ये वर्गातल्या कितीतरी जणांच्या घराची आर्थिक कुंडली तयार असते. त्याने ती मागितलेली नव्हती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. बहुतेक सीआर ही मदत मनापासून करतात, स्वतःचा डेटा पॅक जाळून, रात्री जागून करतात. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पण चांगुलपणा हा काही यादी सांभाळायचा नियम होऊ शकत नाही. आज चांगला असलेला मुलगा उद्या भांडतो, फोन विकतो, लॅपटॉप मित्राला देतो, नोकरीला पुण्याला जातो. यादी कुठेतरी राहतेच.

यातून नुकसान काय होतं, असं विचारणारे असतात. "नंबरच तर आहे, काय होतंय?" असं म्हणणारा बहुधा मुलगा असतो आणि त्याच्या खिशात स्वतःचा फोन असतो. मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूरच्या गावांतून पास काढून येणाऱ्या मुलीने फॉर्मवर लिहिलेला नंबर कित्येकदा तिचा नसतो. तो वडिलांचा असतो, भावाचा असतो, किंवा घरातल्या एकमेव मोबाईलचा असतो. तिने तो शिष्यवृत्तीचा निरोप यावा म्हणून लिहिलेला असतो. त्या नंबरवर रात्री दहाला "हाय, जेवलीस का?" असा निरोप आला की घरात प्रश्न निरोप पाठवणाऱ्याला विचारला जात नाही. तो पोरगा समोर नसतोच. समोर मुलगी असते. "त्याच्याकडे आपला नंबर गेला कसा?" तिच्याकडे उत्तर नसतं, आणि जे खरं उत्तर आहे, की कॉलेजच्या यादीतून गेला, ते कुणाला पटत नाही. दोन निरोप, एक मिस्ड कॉल, एवढ्यावर एखादीचं कॉलेज सुटतं. हजेरीपटावर कुणी कारण लिहीत नाही. विचारलंच तर "घरगुती अडचण" म्हणतात, आणि त्या अडचणीत सीआरची एक्सेल शीट होती हे कुठेच नोंदलं जात नाही. छेडछाडीची तक्रार झाली तर निदान फाईल तरी होते. ही गळती आकड्यांतसुद्धा दिसत नाही.

दुसरं नुकसान जातीचं. शिष्यवृत्ती मंजूर झालेल्यांची यादी पीडीएफ होऊन वर्गाच्या ग्रुपवर पडते. नाव, प्रवर्ग, उत्पन्न, बँकेच्या खात्याचे शेवटचे आकडे. आडनावावरून सगळं कळतंच, मग लपवायचं काय, असं म्हणणारे भेटतात. सगळं कळत नाही. कळलं तरी एखाद्याने आपलं काय सांगावं आणि कधी सांगावं हे त्याने ठरवायचं असतं, वर्गाच्या ग्रुपने नाही. वसतिगृहाच्या खोलीत कुणाबरोबर राहायचं, प्रयोगशाळेत कुणाच्या गटात बसायचं, डबा कुणाबरोबर उघडायचा, हे त्या पीडीएफनंतर बदलतं. हे बोलायला अवघड आहे, पण आपल्याकडे ते बदलतं.

आता सत्तेचं बोलू. विद्यार्थी निवडणुकांचा महाराष्ट्राचा इतिहास सरळ नाही. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, हाणामाऱ्या तर त्याआधीपासून चालू होत्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका मोडीत काढून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांना पुन्हा जागा करून दिली, पण प्रत्यक्षात त्या लांबतच गेल्या. म्हणजे आज आपल्याकडचा बहुतेक प्रतिनिधी मत मागून आलेला नाही. याचा एक परिणाम असा, की त्याला विद्यार्थ्यांना तोंड द्यायची सवयच लागलेली नाही. नेमणाऱ्या सरांना खूश ठेवलं की भागतं.

निवडणुका होतात तिथेही या प्रश्नाचं नाव नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये शिफारशी दिल्या, न्यायालयाने त्या लागूही केल्या. उमेदवाराने ५,००० रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, छापील पोस्टर लावायची नाहीत, हाताने रंगवलेली चालतील, निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब द्यायचा, हजेरी ७५ टक्के हवी. त्या काळाला धरून शहाण्या शिफारशी होत्या. पण आज एखाद्याला निवडून यायचं असेल तर त्याला पोस्टर कशाला हवं? ज्याच्याकडे हजार विद्यार्थ्यांचे नंबर आहेत त्याचा प्रचार फुकटात होतो, आणि तो खर्चाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. मागच्या जीएसकडून यादी घेऊन उभा राहिलेला आणि यादी नसलेला, या दोघांची लढत बरोबरीची कशी म्हणायची? समितीने पैशाचा हिशेब मागितला. यादीचा हिशेब मागायची वेळ तेव्हा आलेली नव्हती, आता आली आहे.

महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरही या यादीला गिऱ्हाईक आहे. बारावीचा निकाल लागायच्या आधीच पालकांना ॲकॅडमीचे फोन येऊ लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला बँकिंग आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लासवाल्यांचे येतात. "तुमचा मुलगा अमुक कॉलेजला आहे ना?" इथून सुरुवात. हे नंबर सगळे विद्यार्थी प्रतिनिधींकडूनच जातात असं मी म्हणत नाही, गळायला वाटा पुष्कळ आहेत. पण जीएस हा सहसा उत्साही, मोठ्यांमध्ये ऊठबस करणारा मुलगा असतो, कुणा नगरसेवकाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत त्याचा फोटो असतो, आणि यादी मागणारा माणूस त्याला रोज भेटत असतो. "एवढे नंबर दे की, वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकायच्यात." नाही म्हणायला त्याला काही आधार तरी हवा ना? नियम असता तर तो म्हणू शकला असता, "साहेब, सभेत हिशेब द्यावा लागतो, अंगाशी येईल." मला वाटतं, जबाबदारीचा नियम चांगल्या जीएसला बांधण्यापेक्षा वाचवायला जास्त उपयोगी पडेल.

आपलं सोलापूर विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं आहे, २००४ मध्ये शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालेलं. बार्शीच्या मुलीचा नंबर पंढरपूरला पोचायला इथे वेळ लागत नाही. युवा महोत्सवात सगळी महाविद्यालयं एकत्र येतात, संघाची यादी, ओळखपत्रं, राहायच्या सोयीसाठी मुलींची वेगळी यादी, सगळं एका शीटवर. मोठ्या शहरातल्या गर्दीत माणूस हरवू शकतो. इथे नाव आणि तालुका कळला की घर सापडतं.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वात रास्त आक्षेप असा, की ही वीस वर्षांची पोरं आहेत, बिनपगारी काम करतात, त्यांच्यावर कसली जबाबदारी लादता? खरा दोष महाविद्यालयाचा. हे मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. कारकुनाने स्वतःचं काम सीआरवर ढकललं, प्राचार्यांनी पाहूनही पाहिलं नाही, आणि कधीतरी बोभाटा झाला की म्हणायचं, "तो विद्यार्थ्यांचा खासगी ग्रुप होता, आमचा संबंध नाही." ही पळवाट बुजवलीच पाहिजे. ज्याच्या हातात जेवढी किल्ली, त्याच्यावर तेवढा भार. महाविद्यालयाने सांगून करवलेल्या यादीचा मोठा भार महाविद्यालयावर आणि त्या सीआरवर फक्त एवढाच, की दिलेल्या कामापलीकडे त्याने ती वापरू नये. पण जीएसने स्वतःच्या मनाने फॉर्म काढला, स्वतःच्या जीमेलवर माहिती घेतली, तर तिथे वय सांगून सुटता येणार नाही. अठराव्या वर्षी आपण त्याला आमदार निवडायचा हक्क देतो. मंडपाच्या हिशेबात तो लहान नसतो. यादीच्या हिशेबातच नेमका लहान कसा होतो?

दुसरा आक्षेप मला जास्त सतावतो. गोपनीयतेची काठी हातात आली की प्रशासन ती आधी विद्यार्थी संघटनांच्याच पाठीत घालील. शिष्यवृत्ती अडकलेल्या दोनशे मुलांची यादी घेऊन एखादी संघटना समाजकल्याण कार्यालयावर किंवा विद्यापीठावर मोर्चा नेते, तेव्हा ती यादीच तिचं हत्यार असते. उद्या प्राचार्य म्हणतील, "ही माहिती तुमच्याकडे आली कशी? परिषदेतून काढून टाकू." ही भीती खोटी नाही. माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) २०२३ च्या नव्या डेटा संरक्षण कायद्याने बदललं, आधी व्यापक सार्वजनिक हितासाठी वैयक्तिक माहिती देण्याची जी वाट त्या कलमातच होती ती काढून टाकली, आणि कार्यकर्ते तेव्हापासून ओरडत आहेत. गोपनीयतेच्या नावाखाली सत्ता स्वतःच्या फायली झाकते हे आपण पाहतो आहोत.

म्हणूनच जीएसने हिशेब कुणाला द्यायचा हा प्रश्न मला शिक्षेपेक्षा मोठा वाटतो. तो प्राचार्यांच्या बंद केबिनमध्ये द्यायचा नाही. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांना द्यायचा. वर्षातून एकदा, परिषदेची मुदत संपायच्या आत, विद्यार्थ्यांची उघडी सभा, आणि तिथे सरळ प्रश्न. कोणत्या याद्या केल्या, त्यात कोणते रकाने होते, कुणाच्या खात्यावर ठेवल्या, कुणाला दाखवल्या, कधी पुसल्या. समाधान झालं नाही तर त्याच सभेने बहुमताने त्याला पदावरून काढावं. प्राचार्यांनी ठराव अमलात आणावा, मागे-पुढे करू नये, आणि स्वतःहून कुणाला काढूही नये. ज्या संघटनेने शिष्यवृत्ती अडकलेल्या मुलांची यादी त्यांना सांगून, त्यांच्या होकाराने केली, तिला अशा सभेची भीती वाटायचं कारण नाही, उलट ती मुलंच तिच्या बाजूने उभी राहतील. मोर्च्यात यादी फडकवायचीही गरज नसते. आकडा, प्रवर्ग आणि किती महिने रक्कम अडकली हे पुरतं. नावं खिशात ठेवावीत, ज्याची हरकत नाही त्याचंच घ्यावं.

आता कायद्याकडे वळतो, कारण हल्ली कुणालाही विचारलं की "नवा कायदा आलाय ना" असं उत्तर मिळतं. आला आहे खरा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातल्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवरही काही शिकण्यासारखं त्यात आहे. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो त्याच्यावर कायदा जबाबदारी टाकतो, आणि तो कुणीही असू शकतो. कंपनी, सरकार, एकटा माणूस, इतकंच काय, नोंदणी नसलेला माणसांचा गटसुद्धा. "आमची परिषद काही रजिस्टर नाही" ही सबब त्यामुळे चालणार नाही. काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी मूळ ठरवणारा सुटत नाही, म्हणजे महाविद्यालयाचीही सबब गेली. खासगी, घरगुती कामासाठीच्या माहितीला कायदा लागत नाही हे खरं, पण हजार विद्यार्थ्यांची यादी जीएसच्या घरची कशी होईल?

त्यातली मला आवडलेली एक तरतूद अशी, की माहिती घेताना द्यायची सूचना माणसाला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. सोलापुरात हे किती लागू पडतं पाहा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चारही भाषा अनुसूचीत आहेत आणि चारही इथल्या एका वर्गात बसलेल्या असतात. ज्या मुलीच्या आईला तेलुगूच नीट कळतं तिला "माझ्या पाल्याची माहिती देण्यास माझी हरकत नाही" असल्या पाठ केलेल्या मराठीवर अंगठा उमटवायला लावणं याला संमती म्हणता येणार नाही. आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात असतं. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं, अठरा पूर्ण नसल्याने, या कायद्याने बालकं आहेत, त्यांच्यासाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. आंतरवर्गीय क्रिकेटच्या फॉर्मवर सोळा वर्षांच्या पोराचं आधार घेताना कुणाच्या डोक्यात हे असतं?

पण या कायद्यावर विसंबून राहाल तर फसाल. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत आहे. सीआरला हा आकडा ऐकवला तर तो हसेल, आणि त्याचं बरोबर आहे. तो आकडा मोठमोठ्या कंपन्यांसाठी आहे. शिवाय वसूल होणारा दंड जातो भारताच्या संचित निधीत. जिचा नंबर फिरला तिला त्यातून एक पैसाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३अ, ज्याखाली भरपाई मागता यायची, तेही या कायद्याने काढून टाकायचं ठरलेलं आहे. म्हणजे मंगळवेढ्याच्या मुलीला दिल्लीच्या डेटा संरक्षण मंडळाकडे ऑनलाइन तक्रार करायची मुभा मिळेल, आणि जिंकली तरी हातात काही पडणार नाही. जाणूनबुजून पाठलाग केला, नको म्हणूनही निरोप पाठवत राहिला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, तो फौजदारी गुन्हा आहे आणि तिथे पोलिसांकडेच जावं. खात्यातले पैसे गेले तर हेल्पलाइनचा नंबर १९३० आहे. (सोलापूरकराला तो पाठ करावा लागत नाही, इंग्रजांनी इथे लावलेल्या मार्शल लॉचं साल आहे.) पण आपल्या रोजच्या प्रश्नांपैकी बहुतेक या दोन्हींच्या अलीकडचे असतात. निष्काळजीपणा, आळस, "काय होतंय" ही वृत्ती. त्याला पोलीस नको, परिषदच हवी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्यावर विद्यापीठात लोकपाल. समितीची नावं फलकावर असतात, पण सहसा अशा उंचीवर की मान वर केल्याशिवाय दिसू नयेत. माहिती गळल्याची तक्रार या समितीने घ्यावी, एवढं परिपत्रक विद्यापीठाने काढलं तरी पुष्कळ होईल. नवा कायदा लागत नाही, नवी समितीही लागत नाही.

बाकी गोष्टी अगदी साध्या आहेत आणि त्या न करण्याला कारण नाही. कोविडच्या काळात पुष्कळ महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना संस्थेचे ईमेल दिले. परिषदेचा प्रत्येक फॉर्म त्यावरच निघावा, पोराच्या खासगी जीमेलवर नाही, म्हणजे पद गेलं की शीट आपोआप मागे राहते. आधार लागतच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्यावं, ते फुकट मिळतं. व्हॉट्सॲपवर नुसता ग्रुप केला की सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, तर तिथल्याच कम्युनिटीच्या सूचना ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे दिसत नाहीत. पासवर्ड सीआरने हातात घ्यायचाच नाही, अर्ज महाविद्यालयाच्या संगणकावर, मुलीने स्वतः भरायचा, सीआरने बाजूला उभं राहून सांगायचं. त्यासाठी कार्यालयाने संध्याकाळी दोन तास उघडं राहावं लागेल. इथे मात्र गाडी अडेल, मला माहीत आहे. गोपनीयतेवर व्याख्यान ठेवायला संस्था एका पायावर तयार असतात, कारकुनाला दोन तास जास्त बसवायचं म्हटलं की प्रस्ताव पुढच्या बैठकीत जातो.

आणि एक धाक हवाच. परिषदेचा पदाधिकारी म्हणून जे प्रमाणपत्र मिळतं, जे पुढे बायोडाटात मिरवतं, ते यादी सुपूर्द केल्याचं आणि आपल्या फोनमधून पुसल्याचं लेखी दिल्याशिवाय मिळू नये. कुणी म्हणेल, खोटं लिहून देईल. देईल की. पण खोटं लिहून दिलेला कागद आणि काहीच न लिहिलेला माणूस यांत फरक आहे. पुढे यादी कुठे सापडली तर सही समोर ठेवता येते.

हे सगळं यंदाच्या पदाधिकाऱ्यांपुरतं झालं. मागच्या आठ-दहा वर्षांतल्या जीएस आणि सीआरचं काय? त्यांना पदावरून काढता येत नाही, पद उरलेलंच नाही. प्रमाणपत्र अडवता येत नाही, ते केव्हाच फ्रेम होऊन भिंतीवर गेलं. त्यांच्यातले काही पुण्यात नोकरीला आहेत, काही वॉर्डात काम करतात, काहींना तर आठवतही नसेल की जुन्या जीमेलच्या ड्राइव्हमध्ये तीन वर्षांच्या मुलींचे नंबर पडून आहेत. त्यांच्याकडून जबरदस्तीने काही होणार नाही. महाविद्यालयाने त्यांना शोधून पत्र लिहावं, पुसल्याचं कळवा म्हणून विनंती करावी. पण त्याआधी एक सूचना त्या वर्षांतल्या माजी विद्यार्थ्यांना जायला हवी: तुमची अमुक अमुक माहिती आमच्या सांगण्यावरून विद्यार्थी प्रतिनिधींच्या खासगी फोनवर आणि ईमेलवर गोळा झाली होती, ती आज कुठे आहे याची नोंद आमच्याकडे नाही. संस्थेची अब्रू जाते, महाविद्यालयांना श्रेणी देणारे नॅकवाले काय म्हणतील, असं म्हणून ही सूचना अडवली जाईल. अडवणाऱ्यांनी मग यंदाच्या सीआरकडून हिशेब कोणत्या तोंडाने मागायचा, हेही सांगावं. आणि ती सूचना निघालीच तर प्राचार्यांच्या सहीने निघावी, जीएसच्या नव्हे.